जुन्या अरबी कोशात शब्द शोधताय? आधी ‘ऐन’ पकडा

काही वर्षांपूर्वी इनाम जमिनीच्या तंट्याचा एक मोडी कागद वाचत होतो. त्यात ‘अर्ज’ शब्द आला. रोजचाच शब्द, पण मूळ पाहावं म्हणून अरबी कोश उघडला. अलिफखाली शब्द सापडला आणि अर्थ निघाला ‘जमीन’. कागदही जमिनीचाच! मी वहीत ऐटीत टिपून ठेवलं की अर्ज म्हणजे मुळात जमिनीबद्दलची मागणी, आणि चार जणांना ते सांगितलंही. सहा महिन्यांनी फारसी जाणणाऱ्या एका काकांनी हसत विचारलं, “मग नोकरीचा अर्ज कुठल्या जमिनीचा रे?”

आपल्या अर्जाच्या सुरुवातीला अलिफ नाहीच, ऐन हे वेगळंच अरबी अक्षर आहे. अरबीत ऐनवाला शब्द म्हणजे ‘समोर मांडणं’, अलिफवाला म्हणजे ‘भूमी’. देवनागरीत उतरताना दोघांचाही ‘अर्ज’च होतो. एका अक्षराने माझे सहा महिने खाल्ले, तुमचे खाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. मोडी कागद वाचणारे, शब्दांच्या मुळांची हौस असलेले आणि अरबी लिपी नुकतीच लावता येऊ लागलेले वाचक मी डोळ्यांसमोर धरले आहेत. भाषा येत नसली तरी चालेल. अक्षरं मात्र ओळखता यायला हवीत.

१. जवळ काय हवं

- मोल्सवर्थचा मराठी कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती. शब्द अरबी, फारसी की संस्कृत ही खूण त्यात शब्दापाशीच असते.
- अरबी लिपीत हिज्जे (स्पेलिंग) दाखवणारा उर्दू कोश. प्लॅट्सचा १८८४चा कोश माझ्या हाताला बसलाय.
- एक मोठा अरबी कोश. ‘लिसान अल्-अरब’ असला की बहुतेक काम भागतं. अश्-शामिला या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे जुने कोश मिळतात, पण सुरुवातीला छापील पानांच्या स्कॅनवरच शोधा. शोधखिडकीत शब्द टाकत बसलात तर कोशाची रचना कधीच कळणार नाही.
- अरबीला इंग्रजीचा टेकू हवा असेल तर एडवर्ड लेनचा अरबी-इंग्रजी कोश. आठ भाग, १८६३ ते १८९३. लेन १८७६मध्ये वारला तेव्हा तो क़ाफपर्यंत पोचला होता. पुढची अक्षरं त्याच्या टिपणांवरून लावली आहेत, त्यामुळे ती त्रोटक आहेत. ऐन सुदैवाने त्याच्या हयातीतलं आहे.
- वही आणि शिसपेन. पेन नको, खाडाखोड भरपूर होते.

२. ऐन ओळखा: आधी डोळ्याने, मग कानाने

रूढ अरबी क्रमात ऐन अठरावं अक्षर, आणि अबजद मोजणीत, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीत, त्याची किंमत ७०. शब्दाच्या सुरुवातीला ते उघड्या चोचीसारखं दिसतं, मध्ये आलं की बारीक गाठ होते, शेवटी खाली मोठी शेपटी निघते. वर एक नुक्ता (टिंब) दिला की त्याचं गैन होतं. घोटाळा होतो तो मधल्या गाठीत. घाईच्या हस्ताक्षरात ती फे किंवा क़ाफच्या डोक्यासारखी दिसते, म्हणून आधी नुक्ते मोजा. एकही नसेल तर बहुधा ऐनच.

आवाज आपल्याकडे नाही. डॉक्टर जीभ चमच्याने दाबून “आ करा” म्हणतात तेव्हा घशाच्या तळाशी जे आवळतं, त्या जागेवरून घोषयुक्त आवाज काढायचा. फारसी आणि उर्दू बोलणाऱ्यांनीही हा उच्चार सोडून दिला, मात्र लिहिताना अक्षर ठेवलं. मराठीत शब्द आले ते याच वाटेने, म्हणून आपल्यापर्यंत ऐनाचा आवाज पोचलाच नाही. मागे राहिली ती त्याची पुसट खूण:

सुरुवातीला असेल तर नुसता स्वर उरतो: अक्कल, अंमल, अजब, इमारत, इज्जत, इलाज, ऐवज. मध्ये असेल तर मागचा स्वर लांबतो किंवा ‘य’ घुसतो: तालीम, मामला, दावा, वायदा. शेवटी असेल तर पूर्ण पुसला जातो आणि शब्द आ किंवा ऊवर टेकतो: जमा, नफा, मना, तमा, रुजू, शुरू.

हा शेवटचा गट मला फार आवडतो. ‘जमा’ आणि ‘नफा’ हे शब्द रोज तोंडात असतात, आणि त्यांच्या शेपटाला एक अख्खं व्यंजन गळून पडलंय याचा पत्ताच नसतो.

सापळा: ‘अ’ दिसला की ऐन समजू नका. अमीर, अदब, अस्सल, अखेर, अमानत हे सगळे अलिफ-हमजाचे. इथे कानावर विसंबायचं नाही. उर्दू कोशात हिज्जे पाहायचे. मी ही पायरी गाळली होती, म्हणून माझा अर्ज जमिनीत गेला.

३. जादा अक्षरं काढून मूळ उघडं करा

जुने अरबी कोश शब्दाच्या क्रमाने लावलेले नसतात, मुळाच्या क्रमाने लावलेले असतात. मूळ बहुधा तीन व्यंजनांचं. बाकीची अक्षरं मागाहून चिकटतात, आणि चिकटू शकणारी अक्षरं दहाच आहेत. ती लक्षात ठेवायला अरबांनी एक शब्द केला: ‘सअल्तुमूनीहा’, म्हणजे ‘तुम्ही मला ते विचारलंत’. सीन, हमजा, लाम, ते, मीम, वाव, नून, ये, हे आणि अलिफ.

या दहात ऐन नाही, आणि आपल्या कामाची सगळ्यात मोठी किल्ली हीच. शब्दात ऐन दिसला की तो मुळातलाच असणार. त्याच्याभोवती शिसपेनने गोल करा, तीनपैकी एक अक्षर हाती आलं.

‘मामला’ घेऊ. अरबी हिज्जे मीम, ऐन, अलिफ, मीम, लाम आणि शेवटी ते. ऐनाला गोल केला. अलिफ जादा, शेवटचा ते जादा. आता दोन मीम, एक लाम. पहिला मीम ऐनाच्या आधी आलाय, असा सुरुवातीचा मीम बहुतेक वेळा चिकटलेला असतो. तोही काढला. उरलं ऐन-मीम-लाम, ‘काम करणं’. म्हणजे अंमल, अंमलदार, मामला आणि तालुक्याच्या कचेरीतले मामलेदार सगळे एकाच घरचे. ‘इनाम’मध्ये सुरुवातीचा अलिफ चिकटलेला, ऐन मध्ये, मूळ नून-ऐन-मीम. ‘तालीम’चं ऐन-लाम-मीम, ‘मालूम’चंही तेच.

सापळा: दहात असलेलं अक्षर दरवेळी जादाच असतं असं नाही. मामल्यातला दुसरा मीम आणि लाम दोन्ही दहातलेच, पण मुळातले आहेत. शंका असेल तर दोन्ही शक्यता मांडून कोशात पाहा, चुकीचं मूळ बहुधा तिथेच गळतं.

दुसरा सापळा वाव आणि ये यांचा. ‘दावा’चं मूळ दाल-ऐन-वाव आहे, पण शब्दात वाव कधी अलिफचं सोंग घेतो, कधी येचं. तिसरं अक्षर सापडेनासं झालं की बहुतेक वेळा यांच्यापैकीच कोणी लपलेलं असतं.

४. तुमच्या कोशाचा क्रम कोणता, ते आधी पाहा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून इथे मीही थोडा रेंगाळतो. एकच मूळ तीन कोशांत तीन ठिकाणी असतं.

पहिली पद्धत मुळाच्या पहिल्या अक्षराची. जमख्शरीचा ‘असास अल्-बलागा’ आणि लेन याच वाटेचे. अक्कल म्हणजे ऐन-क़ाफ-लाम, तर ऐनमध्ये जा. सोपं आहे, पुढे चला.

दुसरी शेवटच्या अक्षराची. जौहरीच्या ‘सिहाह’ने ती रूढ केली. प्रकरण शेवटच्या अक्षरावर, त्यातला विभाग पहिल्या अक्षरावर. इब्न मंजूरचा ‘लिसान’ (१२९०मध्ये पूर्ण झालेला), फीरोजाबादीचा ‘क़ामूस’ आणि त्यावरचं भाष्य ‘ताज अल्-अरूस’ याच चालीचे. हा ‘ताज’ रचणारे मुर्तजा जबीदी जन्मले आपल्या उत्तर प्रदेशातल्या बिलग्रामला, १७३२मध्ये, आणि वारले कैरोत. त्यांचा कोश कुवेतने ४० खंडांत छापलाय. या पद्धतीत जमा, नफा, मना, तमा, रुजू, शुरू सगळे ऐनच्या प्रकरणात एकत्र येतात, आणि आपण बोलताना गाळलेलं अक्षरच शोधण्याचं दार होतं. ऐन पुसला गेलाय हे माहीत नसेल तर ‘नफा’ या कोशांत जन्मात सापडणार नाही.

तिसरी पद्धत सगळ्यात जुनी आणि नवख्याला चक्रावणारी. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमदने अरबीतला पहिला मोठा कोश आखला, त्याचं नावच ‘किताब अल्-ऐन’, म्हणजे ऐनाचं पुस्तक. हेच अक्षर का, याची हकीकत ‘लिसान’मध्ये ऐनच्या प्रकरणाच्या तोंडाशीच दिली आहे. अलिफपासून सुरुवात करावी तर ते दुबळं, म्हणजे रूप बदलणारं अक्षर. पहिलं हुकल्यावर दुसऱ्याला, म्हणजे बे ला, कारणाशिवाय पहिला मान देणं त्याला पटेना. मग तो एकेक अक्षर तोंडात चाखून पाहू लागला: अब्, अत्, अह्, अअ्. कुठलं अक्षर सगळ्यात खोलातून येतं? उत्तर निघालं ऐन. म्हणून ऐन पहिला, आणि मग घशापासून ओठांकडे सगळी अक्षरं.

आपल्याला याचं अप्रूप वाटायचं कारण नाही. कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत, क पासून प-फ-ब-भ-म पर्यंत आपण पहिलीत हेच घोकलेलं असतं. खलीलवर भारतीय उच्चारशास्त्राची छाया होती का, यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली. ठोस पुरावा मिळालेला नाही. मिळो न मिळो, मराठी माणसाला हा क्रम पाठ करायला सोपा जातो एवढं खरं. गट असे:

घसा: ऐन, बडी हे, छोटी हे, खे, गैन. पडजीभ: क़ाफ, काफ. तोंडाचा मध्य: जीम, शीन, ज़्वाद. जिभेचं टोक: स्वाद, सीन, ज़े. टाळूचा पुढचा भाग: तोय, दाल, ते. हिरड्या: ज़ोय, ज़ाल, से. जिभेची कड: रे, लाम, नून. ओठ: फे, बे, मीम. आणि शेवटी हवेतले: वाव, अलिफ, ये, हमजा.

पण क्रमावर गोष्ट संपत नाही. खलील मुळाची अक्षरं उलटसुलट करून जितकी मुळं होतात ती सगळी एकाच जागी देतो. तीन अक्षरांची सहा, चारांची चोवीस. आणि तो अख्खा गठ्ठा त्यातल्या सगळ्यात खोल अक्षराखाली. म्हणजे ऐन कुठेही असो, सुरुवातीला, मध्ये, शेवटी, ते मूळ ऐनाच्या भागातच. छापील आठ खंडांतले पहिले दोन याच एका अक्षराने व्यापले आहेत, यात नवल नाही.

सापळा: बाजारात या कोशांच्या अशाही आवृत्त्या आहेत ज्यांत मजकूर जुना, पण क्रम बदलून पहिल्या अक्षराचा केलेला. ‘लिसान’ची कैरोची एक प्रसिद्ध आवृत्ती अशीच आहे. हातातलं पुस्तक कोणत्या चालीचं हे पहिल्या चार पानांतच पाहून घ्या, नाहीतर बरोबर पद्धतीने चुकीच्या खंडात शोधत बसाल.

५. एकदा हाताने करून पाहा: अक्कल

ऐन, क़ाफ, लाम. ‘किताब अल्-ऐन’मध्ये शोधायचं असेल तर आधी ही तीन अक्षरं खोलीनुसार लावा. ऐन घशातला, क़ाफ पडजिभेचा, लाम जिभेच्या कडेचा. योगायोगाने क्रम तोच राहिला. मग ऐनाचा भाग उघडा. आत आधी दुहेरी अक्षरांची मुळं असतात (इज्जत, म्हणजे ऐन-ज़े-ज़े, तिथे मिळेल), मग तीन भक्कम व्यंजनांची, मग वाव-ये असलेली दुबळी (दावा इकडे), आणि शेवटी चार-पाच अक्षरांची. आपण दुसऱ्या विभागात. तिथे ‘ऐन, क़ाफ आणि लाम’ हे प्रकरण गाठा.

ऐन-क़ाफ-लाम: बुद्धी. याच मुळात उंटाचा पाय दुमडून बांधायची दोरीही आहे. भरकटू न देणारी ती अक्कल.
ऐन-लाम-क़ाफ: लोंबणं, जोडलेलं असणं. आपला तालुका, म्हणजे कोणाला तरी जोडून दिलेला मुलूख.
क़ाफ-लाम-ऐन: यातून क़लआ, आपला किल्ला.
लाम-ऐन-क़ाफ: चाटणं. अरबीत चमच्याला ‘मिल्अका’ म्हणतात तो इथला.
लाम-क़ाफ-ऐन: फेकून मारणं, आणि नजर लावणं.
क़ाफ-ऐन-लाम: द्राक्षवेलीचा झडलेला मोहर.

अक्कल, तालुका आणि किल्ला एकाच प्रकरणात मांडीला मांडी लावून बसलेले मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा उठून चहा करून आलो आणि पान पुन्हा वाचलं. अर्थांची सोयरीक यातून सिद्ध होत नाही, हेही लगेच सांगतो. खलीलसाठी ही अक्षरांची गणिती मांडणी होती. तालुक्याला अक्कल असते का, यावर निबंध लिहू नका.

आता हेच तीन शब्द ‘लिसान’च्या १५ खंडी बैरूत आवृत्तीत पाहा. अक्कल लामवर संपते, अकरावा खंड. तालुका क़ाफवर, दहावा. किल्ला ऐनवर, आठवा. ग्रंथालयात तिन्ही खंड टेबलावर मागवा आणि एकदा स्वतः फिरा. त्यानंतर क्रम विसरायला होत नाही.

६. नोंद वाचताना फसवणाऱ्या दोन गोष्टी

‘क़ामूस’मध्ये मधूनच एकटा ऐन उभा दिसतो. तो शब्द नव्हे, संक्षेप आहे. फीरोजाबादीने जागा वाचवायला खुणा ठरवल्या: ऐन म्हणजे ‘मौज़िअ’, एखादं ठिकाण, दाल म्हणजे नगर, जीम म्हणजे अनेकवचन, मीम म्हणजे ‘सर्वांना माहीत असलेलं’. मी एकदा असा ऐन पुढच्या शब्दाला जोडून वाचला आणि जगात नसलेलं एक मूळ तयार केलं.

दुसरं, व्याकरणकार मुळाच्या तिन्ही अक्षरांना फे, ऐन, लाम अशी नावं देतात, कारण त्यांचा नमुना शब्द ‘फ-अ-ल’ (करणं) आहे. ‘या शब्दाच्या ऐनावर जबर (‘अ’ स्वराची खूण)’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ मधल्या अक्षरावर जबर, मग ते अक्षर बे असो की रे.

७. मूळ खरं की भ्रम, याच्या चाचण्या

ऐन आणि बडी हे एका अस्सल अरबी मुळात एकत्र येत नाहीत, दोघांची जागा फार जवळ. हे खलीलनेच सांगून ठेवलंय. त्याने दिलेला अपवाद ‘हैअला’चा, आणि तोही दोन शब्द जोडून केलेला. तुमच्या तीन अक्षरांत ही जोडी आली तर हिज्जे चुकले समजा.

दुसरी चाचणी लांब मुळांची. चार-पाच अक्षरांत रे, लाम, नून, फे, बे, मीम यांपैकी एकही नसेल तर शब्द परका मानायचा. अपवाद मोजके, त्यातला एक ऐनाने सुरू होणारा ‘अस्जद’, म्हणजे सोनं.

८. आता खुद्द ‘ऐन’ शोधा

‘लिसान’मध्ये हा शब्द ऐनच्या प्रकरणात नाही. मूळ ऐन-ये-नून, म्हणून नूनच्या प्रकरणात, तेरावा खंड. नोंद लांबलचक आहे. डोळा, झरा, हेर, गावातला बडा माणूस, रोख नाणं, तराजूचा झुकाव, गुडघ्याच्या वाटीची खोबण, कित्येक दिवस न उघडणारा पाऊस, आणि ‘ती वस्तू स्वतःच’.

या शेवटच्या अर्थातून आपलं ‘ऐन वेळी’ आणि ‘ऐन दुपारी’ आलं. जंगलातलं ऐनाचं झाड या शब्दाचं कोणी लागत नाही, आणि आयनाही नाही. तो फारसी आहे. पेशवाई हिशेबात ‘ऐन जमा’ आणि ‘सिवाय जमा’ अशी दोन सदरं दिसतात. ऐन जमा म्हणजे मूळ जमीनमहसूल, बाकीच्या बाबी सिवाय जमेत. पहिला अभ्यास म्हणून हेच घ्या. ‘ऐन’मध्ये अक्षर सुरुवातीला, ‘जमा’मध्ये शेवटी पुसलेलं. पहिला शब्द ‘लिसान’च्या तेराव्या खंडात, दुसरा आठव्यात जीमच्या विभागात, आणि ‘किताब अल्-ऐन’मध्ये दोन्ही पहिल्या दोन खंडांतच. शिसपेनला टोक काढून ठेवा.